विटाळ नव्हे, विलगीकरण

घराघरांतले विज्ञान



डोंबिवलीच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. त्याने घरात खाऱ्या पाण्याची काचेची मोठी टाकी ठेवली असून तीत मासे आणि जिवंत प्रवाळ वाढवले आहेत. अलीकडे त्याने काही नवे प्रवाळ विकत आणले. पण ते मोठ्या टाकीत न सोडता दुसऱ्या खोलीतल्या लहान टाकीत अडीच महिन्यांसाठी वेगळे ठेवले. व्हिडिओ कॉलवर तो हे सारे दाखवत असता भगिनींच्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी नातवाला विचारले, "आरं, त्या मुक्या जीवांचा बी इटाळ धरता व्हय तुमी?" नातू "नाही गं आजी" म्हणाला खरा, पण पुढे त्याला नीट सांगता येईना. तेव्हा प्रवाळ म्हणजे काय, त्यांना वेगळे का ठेवतात आणि सासूबाईंना काय उत्तर द्यावे, हे या सदरातून सांगावे, अशी भगिनींची विनंती आहे.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या पिढीने सार्वजनिक पाणवठ्यावर पाय ठेवण्याची बंदी पाहिली, जिच्या ओंजळीत पाणी वरून ओतले गेले, त्या पिढीच्या कानाला "वेगळे ठेवले" हे शब्द खटकणारच. म्हणून आधी विज्ञान काय सांगते ते पाहू आणि मग आजींच्या प्रश्नाकडे वळू.

प्रवाळ हा प्राणी आहे

प्रवाळ दिसतो झुडपासारखा, हाताला लागतो दगडासारखा, पण तो आहे प्राणी. मुंगीएवढे किंवा थोडे मोठे असे शेकडो मऊ जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि खाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हाच्या जोरावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. मंगळ शांत व्हावा म्हणून लोक अंगठीत जे पोवळे घालतात, ते भूमध्य समुद्रातल्या अशाच एका जातीच्या प्रवाळाच्या सांगाड्याचा तुकडा असते. ज्याला स्वतःचा जीव वाचवता आला नाही, तो आपला मंगळ काय शांत करणार!

अमेरिका-युरोपात घरी प्रवाळ वाढवण्याचा छंद मोठा आहे. बाजारात येणारे बरेच जिवंत प्रवाळ इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियातून येतात, काही तिथल्याच छांदिष्टांनी टाकीत वाढवून तोडलेले असतात. बोटाएवढा तुकडा सिमेंटच्या किंवा चिनी मातीच्या छोट्या चकतीवर चिकटवून विकतात. हा तुकडा समुद्र, व्यापाऱ्याचे गोदाम, दुकान अशा किती तरी पाण्यांतून फिरून आलेला असतो. एकाच टाकीत शेकडो तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. म्हणजे एकाच्या अंगावरची कीड सगळ्यांवर जायला वाव भरपूर.

अंगावरून काय येते?

पहिला शत्रू चपटा किडा. अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळावर तो राहतो आणि त्याचेच मांस खातो. त्याचा रंग प्रवाळाच्या रंगात इतका मिसळतो की डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. दिसतात ते त्याने खाल्ल्याचे फिकट गोल डाग. तो अंडी घालतो ती प्रवाळाच्या मेलेल्या, उघड्या पडलेल्या भागावर किंवा खालच्या चकतीवर.

दुसरा लाल ठिपक्याचा कीटक. हा कोळंबीच्या जातकुळीतला जीव असून सुमारे अर्धा मिलिमीटरचा असतो. पिवळसर अंग आणि त्यावर लाल ठिपका. भिंगाशिवाय तो दिसणे कठीण.

तिसरी शंख नसलेली पांढरी सागरी गोगलगाय. तिची एक जात फक्त माँटीपोरा प्रवाळ खाते आणि तुकड्याच्या खालच्या अंगाला अंडी घालते.

चौथी काचेसारखी पारदर्शक समुद्रफुले. यांना एप्टेशिया म्हणतात. एक फूल ओरबाडून काढायला जावे, तर मागे राहिलेल्या कणाकणातून नवी फुले उगवतात आणि शेजारच्या प्रवाळांना डंख मारतात.

याखेरीज माशांचाही एक रोग प्रवाळाच्या चकतीवरून येतो. समुद्री माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो. त्याचा परजीवी आयुष्यातला काही काळ माशाच्या अंगावर काढतो आणि मग खाली उतरून दगडाला चिकटून कोषात बसतो. त्याला प्रवाळाची चकती चालते, शिंपलाही चालतो. प्रवाळाला तो काही करत नाही. पण तो तुकडा मोठ्या टाकीत गेला की कोष फुटतो आणि मासे आजारी पडतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात घ्यावी. अंगावर दिसणारा प्रत्येक जीव शत्रू नसतो. केसाळ काटेरी किड्यांना नवखे लोक घाबरतात आणि दिसताक्षणी मारतात. त्यातले बहुतेक मेलेले, कुजके खाऊन टाकी साफ ठेवणारे असतात. बारीक हातांचे तारामासेही तसेच. रूप ओंगळ म्हणून दोषी ठरवणे ही जुनी खोड आहे. काम पाहावे, मग निर्णय करावा.

आल्या दिवशी काय करावे?

पहिले काम पाहणे. पांढऱ्या ताटलीत खाऱ्या पाण्यात तुकडा ठेवावा. बॅटरी आणि भिंग घेऊन वरून, खालून, फांद्यांच्या बेचक्यांत पाहावे. रात्री दिवे मालवल्यावर पुन्हा पाहावे, कारण कित्येक किडे अंधारातच बाहेर पडतात.

दुसरे काम चकती काढून टाकणे. शक्य असेल तिथे तुकडा मूळ चकतीवरून सोडवावा, मेलेला भाग कापून काढावा आणि नव्या कोऱ्या चकतीवर चिकटवावा. अंडी आणि कोष बहुधा जुन्या चकतीवरच असतात. हे फुकटचे काम आहे, पण निम्मी लढाई इथेच जिंकली जाते.

तिसरे काम औषधाची आंघोळ. वेगळ्या भांड्यात टाकीइतकेच उबदार खारे पाणी घेऊन त्यात औषध घालतात. आयोडीनची, वनस्पतींच्या तेलाची किंवा पोटॅशियमच्या क्षाराची अशी तयार औषधे तिकडे मिळतात. प्रमाण आणि वेळ बाटलीवर लिहिलेली असते, बहुधा ५ ते १५ मिनिटे. तेवढ्या वेळात पिचकारीने पाण्याचा झोत प्रवाळावर मारत राहावे, म्हणजे गुंगलेले किडे निसटून तळाशी पडतात. मग तुकडा स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या दोन भांड्यांतून खळबळून घ्यावा. औषधाचे पाणी टाकीत पडू देऊ नये. लाल ठिपक्याच्या कीटकावर कुत्र्यांच्या जंतावरचे मिल्बेमायसिन हे औषध लागू पडते. पण ते पशुवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे, कारण टाकीतल्या कोळंब्या आणि खेकडेही त्याने मरतात. काही छांदिष्ट बागेवर फवारायचे कीटकनाशक वापरतात. लेबलावर नसलेल्या कामासाठी कीटकनाशक वापरणे अमेरिकेत कायद्याला धरून नाही आणि लेकराबाळांच्या घरात तर ते नकोच.

एक धोका मात्र माणसाच्या जिवाचा आहे. गोल बटणांसारखे दिसणारे झोअँथिड नावाचे प्रवाळ असतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असे प्रवाळ असलेला दगड कधीही उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, कोरडा घासू नये. वाफेवाटे विष श्वासात जाऊन सबंध कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावूनच काम करावे. हाताला जखम असेल तर काम पुढे ढकलावे. भगिनींनी आपल्या मुलाला आणखी काही नाही तरी एवढे जरूर कळवावे.

अडीच महिने कशासाठी?

औषधाची आंघोळ झाली, किडे पडले, मग लगेच मोठ्या टाकीत का सोडू नये? कारण आंघोळीने किडा मरतो, अंडे मरत नाही. अंड्याचे कवच औषधाला दाद देत नाही. ते फुटायला पाण्याच्या उष्णतेप्रमाणे काही दिवस ते काही आठवडे लागतात. म्हणून दर आठवड्याला पुन्हा पाहणे, पुन्हा आंघोळ, असे चालू ठेवावे लागते. फुटलेला किडा मोठा होऊन नवी अंडी घालण्याआधी त्याला गाठायचे, हे त्यामागचे गणित आहे.

माशांच्या परजीवीचा हिशोब याहून लांब आहे. कोष फुटून बाहेर आलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरते. म्हणून वेगळ्या टाकीत मासा ठेवायचा नाही. बहुतेक कोष काही आठवड्यांत फुटतात, पण एखादा रेंगाळतो. प्रयोगात ७२ दिवसांनीही कोष फुटल्याची नोंद आहे. त्यावर थोडे दिवस जास्त धरून जाणकार लोक ७६ दिवसांची मुदत पाळतात. भगिनींच्या मुलाचे अडीच महिने ते हेच. हा आकडा पंचांगातून काढलेला नाही. जंतूच्या आयुष्यातून काढलेला आहे.

या दिवसांत लहान टाकीत दिवा, पाणी गरम ठेवणारे यंत्र आणि पाणी हलते ठेवणारा पंप हवा. तळाशी वाळू नको, म्हणजे पडलेला किडा चटकन दिसतो. चिमटा, जाळी, बादली, फडके, सारे वेगळे. रोजचे काम आधी मोठ्या टाकीचे करायचे, मग वेगळ्या टाकीचे, आणि शेवटी हात साबणाने धुवायचे. मधेच नवा तुकडा आणून त्याच टाकीत ठेवला तर दिवस पहिल्यापासून मोजायचे.

असा हा खटाटोप केवळ छंदिष्टांचा नाही. २०१४ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर मायामीजवळ दगडी प्रवाळांचा एक भयंकर रोग आढळला. त्यात वीसहून अधिक जातींचे प्रवाळ सापडले आणि शेकडो वर्षांच्या वसाहती बघता बघता पांढऱ्या पडून मेल्या. पुढे रोग हळूहळू कॅरिबियन समुद्रातल्या इतर देशांतही गेला. तेव्हा शास्त्रज्ञांनी रोग पोचला नव्हता तिथले निरोगी प्रवाळ काढून समुद्रापासून दूर, ठिकठिकाणच्या मत्स्यालयांत नेऊन सांभाळायला सुरुवात केली. तिथे वेगळे ठेवले गेले ते निरोगी. जात टिकावी आणि पुढे तीच पुन्हा समुद्रात लावता यावी, यासाठी.

आता आजींच्या प्रश्नाकडे

क्वारंटाईन हा शब्द २०२० साली करोनाच्या काळात आपल्या घराघरांत शिरला. तो इटालियन भाषेतल्या चाळीस या आकड्यावरून आला. प्लेगच्या काळात बाहेरून आलेल्या जहाजांना चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवत, म्हणून हे नाव. म्हणजे शब्दाच्या पोटातच मुदत आहे. विटाळाला मुदत कुठे होती? बापाचा संपला नाही, तो लेकाला लागला, लेकाचा नातवाला.

विलगीकरणाचे कारण भिंगाखाली दाखवता येते. हा किडा, हे अंडे, हा डाग. विटाळाचे कारण कोणी कोणाला दाखवले? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून हजारो माणसे पाणी प्याली. पुढे सनातन्यांनी ते तळे शुद्ध करायला घेतले. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेले १०८ घडे मंत्र म्हणत तळ्यात बुडवले. त्या पाण्यात कोणता जंतू आला होता, हे कोणी तपासले नाही. तपासायचे नव्हतेच. स्वच्छ पाण्यात शेण कालवून त्याला शुद्धी म्हणणे आणि पाण्याची खरोखर काळजी घेणे, या दोहोंतला फरक आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार?

विलगीकरण सर्वांना सारखे असते. शंभर डॉलरचा प्रवाळ असो, की मित्राने फुकट दिलेला असो, दोघांनाही तेच ७६ दिवस. ओळखीच्या दुकानातला म्हणून सूट दिली, की टाकी बुडालीच समजा. विटाळ मात्र नेहमी एकाच दिशेने वाहत आला. वरच्याचा खालच्याला कधी झाला नाही.

आणि सर्वांत मोठा फरक सेवेचा. वेगळ्या टाकीतल्या प्रवाळाला उजेड मिळतो, ऊब मिळते, औषध मिळते, आणि मोठ्या टाकीपेक्षा जास्त लक्ष मिळते. आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला दिसला तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली, ही कथा विनयपिटकात आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंतराव यांनी गावाबाहेर दवाखाना काढला. रुग्ण वस्तीपासून वेगळे ठेवले, पण अंतर ठेवले ते रोगापासून, माणसापासून नव्हे. मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन आणला. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वेगळे ठेवूनही स्पर्श कसा करावा, हे आपल्याला त्या माउलीने शिकवले आहे.

तेव्हा भगिनींनी सासूबाईंना सांगावे, की आजी, इटाळ जन्मभराचा होता, हे ७६ दिवसांचे आहे. इटाळात कोणी पाणी देत नव्हते, इथे नातू रोज पाणी बदलतो. आणि त्यांचा प्रश्न चुकीचा होता असे मात्र मुळीच म्हणू नये. कोणालाही वेगळे ठेवलेले दिसले, की कशासाठी, किती दिवस आणि त्याची देखभाल कोण करतो, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. करोनाच्या दिवसांत ते विचारले गेले नाहीत, तिथे आजाराच्या नावाखाली जुना विटाळच परत आला.

आपल्याकडे काय?

भारतात राहणाऱ्या वाचकांनी प्रवाळ पाळण्याच्या मोहात पडू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांना २००१ पासून वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. ते काढणे, विकणे, जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. मालवणला सहलीला गेलात, तर समुद्रात ते डोळे भरून पाहा. हात लावू नका, पाय ठेवू नका, आठवण म्हणून तुकडा उचलू नका.

पण आजचा धडा आपल्या दारातही उपयोगी आहे. मुलांनी हट्ट करून गोड्या पाण्यातले मासे आणले, तर ते तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यांनाही होतो. पाणवनस्पती आणली तर पानांच्या मागची गोगलगायीची अंडी धुऊन काढा. गावाकडे बाजारातून नवी शेळी आणली, की ती किमान तीन आठवडे कळपापासून दूर बांधा. तिचे पाणी-वैरण वेगळे ठेवा आणि पशुवैद्याकडून पीपीआरची लस टोचून घ्या. नव्या कोंबड्यांनाही हाच नियम. एका शेळीपायी सारा कळप गेला, की कुटुंबाचे वर्ष बुडते. आणि दूर बांधलेली शेळी उपाशी राहणार नाही, हेही पाहा.

या कामाची वही घरातल्या मुलांकडे द्या. आणल्याची तारीख, रोज काय दिसले, कोणते औषध किती दिले, मुदत कधी संपते, हे त्यांनी लिहावे. सांगोवांगीवर विश्वास न ठेवता स्वतः पाहून ठरवावे, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ती सवय अशा लहान वहीतूनच लागते. आणि मुदत संपली, अंगावर काही दिसले नाही, की त्याच दिवशी नव्या जीवाला इतरांत सोडा. त्यानंतर तो कुठून आला, हे कोणी विचारायचे नाही.

आपले प्रश्न या सदराच्या पत्त्यावर जरूर पाठवा.

नमो बुद्धाय, जयभीम.